वेठ नव्हे, छंद



‘रोबो’ हा शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी रुळला आहे. त्याचे मूळ मात्र दुःखद आहे. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. कारेल चापेक या नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकात मनुष्याची वेठबिगारी करणाऱ्या कृत्रिम मजुरांना हे नाव दिले आणि ते जगभर पसरले.

परंतु छंद म्हणून यंत्रमानव करणाऱ्यांची परंपरा निराळी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकात रेडिओतल्यासारखे दोनच व्हॉल्व्ह होते. तरीही ती उजेडाच्या दिशेने जात व अडथळा लागताच वळत.

आज याहून सोपे आहे. यंत्रमानवाला तीन गोष्टी लागतात : जाणण्यास संवेदक, विचारास छोटा संगणक आणि हालचालीस मोटार. इटलीतील इव्रेया येथे २००५ साली जन्मलेला ‘आर्डुइनो’ हा असाच तळहाताएवढा संगणक आहे. त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्याने तशीच दुसरी, स्वस्त पाटीही मिळते. संवेदक वटवाघळाप्रमाणे ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतो. एक मीटरवरील भिंतीवरून तो सुमारे सहा सहस्रांश सेकंदांत परततो, आणि त्यावरून अंतर कळते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील आठवीच्या एका मुलाने साठवलेल्या पैशांतून अशी पाटी आणली. मोटारीच्या तारा सरळ पाटीलाच जोड, असा सल्ला मीच त्याला दिला. पाटी जळाली. तिच्या एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअरच वीज घ्यावी. मोटार याच्या कितीतरी पट ओढते, म्हणून मध्ये ‘मोटर ड्रायव्हर’ लागतो. हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसता मी बोललो होतो. मुलाचे डोळे भरून आले.

मी त्याच्या घरी जाऊन वडिलांपाशी चूक कबूल केली. ते बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतात. ते रागावतील असे मला वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, “फादर, आमच्याकडे नव्या पोराला मशीन चालू कशी करायची ते आधी दाखवत नाहीत. बंद कशी करायची ते दाखवतात.”

मी नवी पाटी आणून दिली. त्या रात्री बापलेकांनी प्रथम बॅटरीला बटण बसविले. मग एक दिवा लुकलुकवला, मग ड्रायव्हर लावून एक चाक फिरवले, आणि शेवटी संवेदक जोडला. नवशिक्याने हाच क्रम धरावा. भिंतीतल्या विजेला हात न लावता बॅटरीवरच काम करावे.

पुठ्ठ्याची ती गाडी पहिल्या दिवशी अडथळा पाहून मागे सरली आणि थेट टेबलावरून खाली पडली. मागे काय आहे ते पाहा, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. यंत्र आपण सांगितले तेवढेच करते, मनातले करीत नाही. आपले सांगणे किती अपुरे असते हे शिकविणारा इतका निर्विकार गुरू दुसरा नसेल. गाडी पडली तेव्हा बापलेक दोघेही हसले. त्या घरात अशी संध्याकाळ बऱ्याच दिवसांनी आली, असे मुलाची आई मला नंतर म्हणाली.

आईबापांनो, महागडा तयार संच आणून मुलाला स्पर्धेस जुंपू नका. यंत्राला वेठीस धरावे, मुलाला नव्हे. जळालेल्या पाटीबद्दल रागावण्याआधी त्याच्याशेजारी घटकाभर बसा. नाझरेथच्या त्या लहान घरात संत योसेफाने बाळ येशूच्या हाती पहिले हत्यार दिले असेल, तेव्हा तोही असाच शेजारी बसला असेल.

प्रभू तुमच्या घरातील लहानथोर हातांना आशीर्वाद देवो.