उभी गाडी का थरथरते?



दिवाळीत आदिलाबादला घरी गेलो होतो. आईचे डोळे दाखवायला नागपूरला जायचं ठरलं होतं. जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर. आदल्या दिवशी पेट्रोल भरायला बाबांची गाडी काढली. चौकात सिग्नलला थांबलो आणि स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळंच थरथरायला लागलं. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पासुद्धा मान डोलवायला लागले.

घरी येऊन बाबांना विचारलं. म्हणाले, "दोन महिने झाले. पळताना काही वाटत नाही रे. तुला सांगितलं असतं तर तुझी सुट्टी गाडीतच गेली असती." मधल्या काळात त्यांनी एका गॅरेजमध्ये इंजिनाचे माउंटिंगही बदलून घेतले होते. पैसे गेले, थरथर तशीच राहिली.

पळताना जाणवत नाही, उभी असताना जाणवते, असं का? थोडा हिशेब करू. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. बाबांची गाडी तीन सिलिंडरची, म्हणजे सेकंदाला २० धक्के. त्यातला एक सिलिंडर पेटलाच नाही, तर दर तिसरा धक्का गायब होतो आणि इंजिन लंगडतं. आपले मिस्त्री यालाच 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात. वेगात असताना फेरे जास्त असतात, फिरत्या भागांचा जोरही जास्त असतो, त्यामुळे हे लंगडणं झाकलं जातं. तीन सिलिंडरचं इंजिन चारपेक्षा थोडं जास्त हलतं हे खरं. पण पूर्वी नव्हतं ते आता सुरू झालं, तर 'या गाड्या अशाच' म्हणून सोडू नका.

शोधायला लागलो ते आमच्या ऑफिसच्या नियमानं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. आपल्याकडे दिवाळीनंतर पहाटे चांगलीच थंडी असते. थंड इंजिन मुद्दामच जास्त फेऱ्यांवर चालतं, त्यावरून निदान करू नये. मग आरपीएमच्या काट्याकडे पाहिलं. काटा स्थिर आणि बॉडी थरथरते, तर माउंटिंगवर संशय घ्यावा. काटा वरखाली होतो, तर गडबड पेटण्यात, हवेत किंवा पेट्रोलमध्ये आहे. आमचा काटा नाचत होता. एवढं दोन मिनिटं बघितलं असतं, तर माउंटिंगचा खर्च वाचला असता.

नंतर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला. मोबाइलवर कोड आला: पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग. (पी०३०० आला असता, तर एकाच सिलिंडरवर बोट ठेवता आलं नसतं. मग पेट्रोल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, फाटलेला हवेचा पाइप अशा सगळ्यांत सामायिक गोष्टी आधी तपासायच्या.) पण कोड फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाही. ते कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी काहीही असू शकतं.

इंजिन थंड केलं, एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, जुना कोड पुसला आणि गाडी सुरू केली. आता कोड आला पी०३०१. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे चोर कॉइलच! कोड जागचा हलला नसता, तर पुढे प्लगची अदलाबदल केली असती.

नवी कॉइल घ्यायला बाजारात गेलो आणि येताना बाबांच्या जुन्या मिस्त्रीचाचांकडे थांबलो. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जुनी कॉइल हातात घेऊन विचारलं, "बेटा, कॉइल तर मिळाली. पण ही मेली कशानं, ते बघितलं का?" कॉइलचं रबर ऑइलनं माखलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गळत होतं आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचत होतं. नवी कॉइल तशीच बसवली असती, तर काही महिन्यांत तीही गेली असती. चाचांनी खड्डा साफ केला, पॅकिंग आणि कॉइल बदलली. संध्याकाळी काटा जागेवर आला आणि बाप्पाही स्थिर झाले.

तुम्ही करून पाहणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. चालू इंजिनावर कॉइल ओढू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि प्लग काढायचाच असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना काढा आणि बसवताना आधी हातानं फिरवा. आटे वाकडे गेले, तर खर्च कितीतरी वाढतो.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर लांबच्या प्रवासाला निघूच नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून निकामी होऊ शकतो, आणि तो भाग फार महाग असतो. शिवाय हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना ऐन वेळी पिकअप मिळाला नाही, तर काय, हा विचार मला त्या रात्री पुन्हा पुन्हा येत होता. दोन महिने बाबा आईला घेऊन याच गाडीतून फिरत होते.

दुसऱ्या दिवशी पैनगंगा ओलांडून वेळेत नागपूरला पोचलो. आईच्या डोळ्यांचं काम झालं.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी हैदराबाद, पुण्याला असतो. फोनवर 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' हे विचारतोच. पुढच्या वेळी एवढंही विचारा: "बाबा, गाडी कशी आहे?" आणि 'चालू आहे' एवढ्यावर फोन ठेवू नका.