वनहक्क दावा नामंजूर झालाय? आधी एआय की आधी वकील?

बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा एक्सप्रेसवे आणि आता वाढवण बंदर. या तीन प्रकल्पांमुळे डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमिनीच्या कागदाला एकदम महत्त्व आलंय. जमीन नावावर असेल तर प्रश्न मोबदल्याचा. पण जमीन वनखात्याच्या नावावर आणि पिढ्यान्‌पिढ्या कसतोय आपण, असं असेल तर प्रश्न थेट हक्काचा. अशा वेळी वनहक्क कायदा २००६ खाली केलेला दावा नामंजूर झाल्याचं पत्र घरी आलं, की ते वाचायची जबाबदारी येते घरातल्या स्मार्टफोनवाल्यावर. म्हणजे तुमच्यावर.

तुम्ही काय करता? फोटो काढता, चॅटजीपीटी किंवा जेमिनीमध्ये टाकता आणि विचारता, ‘यात काय लिहिलंय? आता काय करू?’

यातला पहिला प्रश्न एआयसाठी बरोबर आहे. दुसरा वकिलासाठी आहे. असं का, ते बघू.

एआय कुठे कामाला येतं

सरकारी मराठी वाचणं हे एक वेगळंच काम आहे. ‘सबब’, ‘उपरोक्त’, ‘अपात्र ठरविण्यात येत आहे’ अशा भाषेतलं दोन पानी पत्र एआय साध्या मराठीत समजावून सांगतं. कुठल्या समितीने निर्णय दिला, कारण काय दिलं, तारीख कोणती, हे वेगळं काढून देतं. घरात पिशवीभर कागद असतील तर त्यांची तारखेप्रमाणे यादी करून देतं. वकिलाला काय काय विचारायचं, याची प्रश्नावलीही छान बनवतं.

या कामांत फायदा असा की एआय चुकलं तर तुम्हाला लगेच पकडता येतं, कारण मूळ कागद तुमच्या हातात आहे. फक्त आकडे स्वतः तपासा. धूसर फोटोत १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते, आणि गट नंबर चुकला तर दावा दुसऱ्याच जमिनीचा होतो.

एआय कुठे फसवतं

भाषा मॉडेल कायद्याच्या पुस्तकात बघून उत्तर देतं असं अनेकांना वाटतं. मुळात ते पुढचा शब्द कोणता येऊ शकेल याचा अंदाज बांधत जातं. कोर्टाच्या निकालाचा संदर्भ तर ठरलेल्या साच्यातला असतो: दोन पक्षांची नावं, वर्ष, कोर्ट. असा साचा भरणं मॉडेलसाठी सोपं आहे. तो निकाल खरंच लागला होता का, हे त्याला त्यातून कळत नाही. इंटरनेटवर शोधून उत्तर देणारी टूल्स यात बरी आहेत, पण तीही चुकतात.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माता विरुद्ध एव्हियान्का या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले खोटे निकाल कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. अमेरिका लांब आहे म्हणाल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयात केएमजी वायर्स कंपनीचं प्रकरण आलं. आयकर खात्याच्या आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने तो आदेश रद्द केला आणि एआयने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं सुनावलं.

दुसरी गडबड जुन्या माहितीची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं प्रसिद्ध कलम ४२० आता ३१८ मध्ये आहे. मॉडेलने शिकलेला बराचसा मजकूर मात्र त्याआधीचा आहे.

तिसरी गडबड आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची. वनहक्क कायद्याचं कलम ६ वाचलं तर जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम असतो. एआय हेच सांगण्याची शक्यता जास्त. पण डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी मे २०२० मध्ये अधिसूचना काढून या क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपील करायची सोय केली. देशभराच्या कायद्यावर हजारो पानं इंटरनेटवर आहेत, या अधिसूचनेवर मोजकीच. ‘निर्णय अंतिम आहे’ हे एआयचं वाक्य वाचून एखादं कुटुंब गप्प बसलं, तर उघडा असलेला दरवाजा त्यांच्यापुरता बंद झाला.

इथेच अनुभवी वकील लागतो. प्रांत ऑफिसमध्ये अशी प्रकरणं चालवलेल्या माणसाला हे पाठ असतं.

वारलीत बोलणारी आजी

वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तसंच शेतातली बांधबंदिस्ती आहे, घर-झोपडी आहे, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही आहे. हा जबाब स्वतः दावेदाराचा चालत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन कोण कसत होतं, हे शेजारच्या पाड्यावरची आजी सांगू शकते. पण ती वारलीत सांगणार. वारली आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये नाही आणि तिचं लिखित साहित्यही कमी, त्यामुळे मराठीसाठी बनवलेलं व्हॉइस टायपिंग तिथे अडखळतं. आजीचं बोलणं ऐकून ‘तुम्ही नक्की कुठल्या वर्षाचं सांगताय?’ असं परत विचारायला माणूसच पाहिजे.

एआयला ‘आजीचा जबाब लिहून दे’ असं तर अजिबात सांगू नका. ते सुंदर जबाब लिहील, आणि त्यात आजी कधीच न बोललेल्या गोष्टी असतील. खाली अंगठा मात्र तिचाच लागेल.

गंमत म्हणजे तंत्रज्ञानाची जागा या नियमांनी आधीच ठरवून ठेवलीय. २०१२ च्या दुरुस्तीनुसार सॅटेलाइट फोटो हा इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. समितीसाठी असलेला हा नियम आपण आपल्या फोनलाही लावायला हरकत नाही.

गुपित आणि जबाबदारी

वकिलाशी झालेल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. एआय चॅटला तसं नाही. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतः जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की चॅटजीपीटीशी झालेल्या गप्पांना वकिलासारखी कायदेशीर गुप्तता नाही. त्यामुळे फोटो टाकण्याआधी आधार नंबर, मोबाईल नंबर, सह्या-अंगठे झाका. घरातले वाद तर टाकूच नका.

शिवाय वकील चुकला तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. चॅटबॉट चुकला तर तो ‘सॉरी’ म्हणतो आणि पुढचं उत्तर देतो. तोपर्यंत मुदत संपलेली असते.

कोर्टंही हीच विभागणी करतायत. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर वापरतं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या धोरणात जिल्हा न्यायालयांना सांगितलं की निर्णय घेण्यासाठी एआय वापरायचं नाही.

मग करायचं काय?

१. पत्र हातात पडल्याची तारीख लगेच लिहून ठेवा. ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला ६० दिवस असतात.

२. एआयकडून पत्र समजून घ्या, कागदांची यादी आणि प्रश्न तयार करा. पत्रात नामंजुरीचं कारणच नसेल तर ते ठळक नोंदवा. लेखी कारण देणं समितीवर बंधनकारक आहे.

३. पहिल्याच आठवड्यात वकील गाठा. पैशाचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ लक्षात ठेवा: अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

४. एआयने सांगितलेलं प्रत्येक कलम आणि निकाल वकिलाला दाखवा आणि विचारा, ‘हे खरं आहे का? आपल्या भागाला लागू आहे का?’

५. अपील एआयने लिहिलेलं असो की वकिलाने, ते घरच्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. समजलं, पटलं, मगच सही किंवा अंगठा.

वकिलाकडे वेळ कमी असतो. तुम्ही नीट लावलेली फाईल घेऊन गेलात तर त्याची पहिली अर्धी भेट कागद चाळण्यात जाणार नाही, थेट तुमच्या जमिनीबद्दल बोलणं होईल. एआयचा इतका उपयोग करून घेतला तरी पुष्कळ आहे.