मोटर चालू करून या

मागच्या महिन्यात मंचरला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंच्या दवाखान्यात दोन तास बसायला मिळालं. समोर पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकीवरून पडलेला चाळिशीचा शेतकरी. अपघाताला आठ महिने झालेले. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ, कागदोपत्री गडी बरा. बायको म्हणाली, “मॅडम, ह्यांना नुसता आळस भरलाय. उठा म्हटल्याशिवाय उठत नाहीत. परवा मोटर चालू करायला गेले, तर वॉल्व्ह न उघडताच स्टार्टर दाबला. पाइप फुटला.”

हा आळस कपाळामागच्या मेंदूचा, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्या घराला मात्र आठ महिन्यांत ते कुणीच सांगितलं नव्हतं. टाके घालणारा भेटला, खांदा मोकळा करणारा भेटला. लक्ष, आखणी, पुढाकार तपासणारा कुणी भेटला नाही.

बाईंनाही हे पदवीच्या अभ्यासात ओझरतंच शिकवलेलं. पुढचं त्या रात्री ऑनलाइन व्याख्यानं ऐकून शिकल्या. नीट शिकायचं तर बंगळूरचं निम्हान्स आहे. पण चालता दवाखाना बंद ठेवून जाणार कोण? मानसशास्त्राच्या बाजूलाही सगळं धड नाही. चिकित्सा मानसशास्त्राचं दोन वर्षांचं एम.फिल. २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच चालवायला यूजीसीने मुभा दिली होती. त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम येताना त्यात मेंदूच्या दुखापतीला किती तास मिळतात, यावर आपण डोळा ठेवायला हवा.

चाचण्यांचं दुखणं वेगळंच. निम्हान्सच्या २००४ च्या चाचणीसंचात निरक्षरांसाठीही वेगळी मानकं आहेत, ही मोठीच गोष्ट. पण ती बंगळूरची. आयसीएमआरचा आकलनचाचण्यांचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत तयार झाला; त्यात मराठी नव्हती. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतल्या महादेव कोळी आजीला शंभरातून सात वजा करत जायला सांगायचं आणि अडली की स्मृतिभ्रंश लिहायचा, हे आपण किती दिवस करणार? मराठी मानकं करायला माणसं लागतात, आणि दर वर्षी आपले विद्यार्थी लघुप्रबंध लिहितातच. (महाविद्यालयीन मुलांची स्मरणशक्ती आणि मोबाइल हा विषय आता त्या मुलांनाही पाठ झाला असेल.)

कमला निंबकरांची आठवण इथे होते. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. आशियातली ती पहिली. शाळा रुग्णालयात होती, म्हणून विद्यार्थी रोज रुग्णाशीच शिकले. मेंदूच्या पुनर्वसनाची शाळाही रुग्ण असतात तिथे हवी, आणि महामार्गावरचा मार आधी तालुक्याला येतो. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचोपचार आणि मानसशास्त्र या चारही शाखांचे विद्यार्थी एकत्र, महिनाभर तरी, मंचरसारख्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावेत. निवासाची अडचण सांगितली जाईल. ग्रामीण आरोग्याच्या पोस्टिंगला ती सुटते, इथेही सुटेल.

बाईंनी त्या दिवशी काय केलं ते सांगतो. टॉवर ऑफ लंडनचा संच त्यांच्याकडे नाही. कागदावर चार चित्रं काढली: वॉल्व्ह, तीन फेजचे दिवे, स्टार्टर, घड्याळ. शेतकऱ्याने ती उलटसुलट लावली. बाई गप्प बसल्या. तिसऱ्या खेपेला त्याने वॉल्व्हचं चित्र उचलून पहिलं ठेवलं आणि विचारलं, “कांद्याचा का उसाचा?” बाई बायकोला म्हणाल्या, “बघा, आता आळस दिसतोय का?” कागद स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवायला दिला आणि रोज कुणीतरी सोबत जा, पण हात लावू नका, असं बजावलं.

पुढच्या अंकापासून अशा कामांसाठी दोन पानं राखून ठेवत आहोत. चूल पेटवणं, धार काढणं, आडत्याच्या पट्टीवरचा हिशोब पडताळणं: तुमच्या रुग्णासाठी तुम्ही जे काम पायऱ्यांत फोडलंत ते लिहून पाठवा, तो कुठे अडला तेही लिहा. पहिलं काम मोटरचं, चित्रांसह, बाईंनी द्यायचं कबूल केलं आहे.