ओळखपत्र विचारले तर राग का?



तोतया पोलिसांनी वृद्धांना लुबाडल्याची बातमी आली की पाठोपाठ सल्ला ठरलेला: नागरिकांनी घाबरू नये, सावध राहावे. सगळा भार लुटल्या गेलेल्यावर टाकणारा हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो.

रस्त्यावरची पद्धत जुनीच आहे. देवळातून परतणाऱ्या आजींना मोटारसायकलवरचे दोघे अडवतात. 'पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, एवढं सोनं घालून कुठे निघालात?' असे दरडावत दागिने काढायला लावतात, रुमालात बांधून पुडके स्वतःच पिशवीत ठेवून देतात. घरी गाठ सोडली की आत खडे. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये हाच तोतया साहेब व्हिडिओ कॉलवर येतो. आधारवर मनी लाँड्रिंगचा गुन्हा दाखल आहे म्हणतो. कॅमेरा बंद करायचा नाही, मुलांना कळवायचे नाही, एफडी मोडून रक्कम 'पडताळणीसाठी' भरायची. वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडूनही २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी घडवून ७ कोटी उकळले गेले. मग पेन्शनवर जगणाऱ्या मास्तरांना भोळे कसे म्हणायचे?

तोतयाचे भांडवल म्हणजे खऱ्या पोलिसाचा धाक. 'साहेब, ओळखपत्र दाखवता का?' असे विचारायची सामान्य माणसाची छाती होत नाही, कारण खऱ्या साहेबाला विचारले तर काय ऐकावे लागेल, ही भीती मनात असते. कायदा मात्र नागरिकाच्या बाजूने आहे. अटक करणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसावे, अटकेचा कागद साक्षीदारासमोर व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच बजावले. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. तोतयालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, पण त्यासाठी आधी तो सापडायला हवा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांकही बहुतेकांना आठवतो तो पैसे गेल्यावर.

म्हणून मागणी पोलीस खात्याकडे आहे. साध्या वेशातल्या पोलिसाने न मागता ओळखपत्र दाखवावे. फोन करणाऱ्या अधिकाऱ्याने नाव, हुद्दा, ठाणे सांगून 'ठाण्यात फोन लावून खात्री करून घ्या' असे आपणहून म्हणावे. आपत्कालीन क्रमांक ११२ वर तशी खातरजमा लगेच करून मिळावी. आणि ओळख विचारणाऱ्यावर जो डाफरेल त्याची चौकशी होईल, असा लेखी आदेश काढून पोलीस आयुक्तांनी व जिल्हा अधीक्षकांनी तो प्रत्येक ठाण्याच्या दारावर लावावा.

एक ज्येष्ठ वाचक, पुणे