आठ माणसांचा श्वास

परवा मी भाकऱ्या थापत होते. नववीतली भाची म्हणाली, "आत्या, मी मंगळावर राहायला जाणार." तिथे हवा कुठली गं? "आपण करू की!" दादा खो खो हसला.

मला मात्र हसू आलं नाही. हवा 'करण्याचा' एक प्रयोग १९९१ साली अमेरिकेत, ॲरिझोनात झाला होता. तीन एकरांचं बंदिस्त काचघर, नाव 'बायोस्फिअर २'. चार बायका, चार पुरुष दोन वर्षांसाठी आत गेले. शेत, बकऱ्या, कोंबड्या, छोटासा समुद्रसुद्धा आतच. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, पुरुषांनाही बरं का! पण सव्वा वर्षात प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास आला. माणसं धापा टाकू लागली. चोर निघाली शेतातली माती! तिच्यातले जिवाणू प्राणवायू खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी काँक्रीट पिऊन टाकत होतं. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. लोक त्यांनाही हसले. पण अर्धपोटी राहून त्या आठांनी दोन वर्षं पुरी केली, आणि मातीचं हे गणित जगाला कळलं.

मंगळावर तर 'नासा'च्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला. एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो. अख्ख्या ग्रहाची गोष्ट तर दूरच.

भाचीला म्हटलं, जा खुशाल, पण आधी माती शीक. आणि दादा, अकरावीला तिला सायन्सच घेऊ दे. कॉलेज तालुक्याला आहे म्हणून काय झालं, एसटी जाते की!