सोसत नाही!

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण ‘सोसणे’ या क्रियापदाचा नेमका अर्थ मला गेल्या पावसाळ्यात कळला. तोही आईच्या मनगटावर!

गोळी पुढे केली की आई म्हणणार, “अरे, ती मोठी पांढरी नको बाबा. मला सोसत नाही.” नाव विचारावे तर, “नाव मला काय ठाऊक? पांढरी!” आता पांढऱ्या गोळ्या जगात थोड्या का आहेत? आम्ही हसत असू. म्हातारपणचा नखरा, दुसरे काय!

पावसाळ्यात तिचे पोट बिघडले. डॉक्टरांनी विचारले, “एखादे औषध सोसत नाही का?” आई तोंड उघडणार तोच मी विद्वान म्हणालो, “छे! तसे काही नाही.” गोळी सल्फाची होती. चार तासांत बांगड्यांच्या वर रुपयाएवढा लालजांभळा चट्टा उठला आणि रात्री त्यावर फोड धरला. दोन वर्षांपूर्वी अगदी तिथेच असा चट्टा उठला होता. त्याचा काळसर वण आम्ही भाजल्याचा डाग समजत होतो.

“प्रोफेसरसाहेब,” डॉक्टर म्हणाले, “कातडीची आठवण तुमच्यापेक्षा चांगली आहे. तेच औषध पुन्हा पोटात गेले की चट्टा त्याच जागी उठतो.”

मग त्यांनी माझीच शिकवणी घेतली. कुणाच्या अंगावर औषधाने घटकाभरात गांधी उठतात; कुणाला गोवरासारखे पुरळ येते, पण आठवड्या-दोन आठवड्यांनी. तोवर घरातल्या सर्वांचे बोट वांग्याच्या भाजीकडे! पहिल्या खेपेस मानवलेले औषध पुढे मानवेलच, असेही नाही. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, किंवा तापाबरोबर तोंडात फोड येऊन कातडी सुटू लागली, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे. यातल्या एका भयंकर प्रकाराचे वर्णन स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली केले. त्याला त्यांचेच नाव आहे.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के नावाच्या डॉक्टरांनी घडविला. आईचा शब्द मात्र घरात कधीपासूनच होता. ऐकणाराच नव्हता! गोळी तिला सोसत नव्हती. आमचे हसणे तेवढे ती सोसत होती.

आता आमच्या सौभाग्यवतींनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे : ‘सल्फामेथॉक्साझोल चालत नाही.’ कंपनीगणिक वेष्टनावरचे नाव बदलते, म्हणून आतल्या औषधाचेच नाव लिहायचे, ही डॉक्टरांची ताकीद. एक प्रत आईच्या बटव्यात, एक माझ्या पाकिटात.

परवा मी आईला ते नाव पाठ म्हणायला सांगितले. दोनदा अडखळून ती म्हणाली, “अरे, तू पाठ कर. मी आपली पांढरीच म्हणेन. पण आता ऐकशील ना?”

वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे जरूर विचारा : तुम्हांला काय सोसत नाही?