अब्बांची हिमनदी आणि पाच पासपोर्ट

आमच्या अब्बांनी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. हिमनदी, हिमोढ, लोंबती दरी, यू आकाराची दरी, सगळं फळ्यावर खडूने काढून दाखवलं. बर्फ मात्र पाहिला तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर, मासळीच्या टोपल्यांत. दोन वर्षांपूर्वी सिएटलहून भाईजान फोनवर म्हणाले, "अब्बा, हिमनदी बघायला याल का? चालायचं नाही, जहाजातून बघायची." अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्ही बघतो तर जुना ॲटलस कपाटातून खाली आलेला आणि अलास्काच्या पानावर त्यांचा चष्मा.

नात्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. "एवढा पैसा बर्फावर घालायचा?" हा पहिला प्रश्न. अम्मी-अब्बांचा हज अलहम्दुलिल्लाह २०१४ सालीच झाला आहे, कर्ज डोक्यावर नाही, तेव्हा त्याचं उत्तर सोपं होतं. दुसरा प्रश्न जास्त बरोबर होता: "काश्मीर काय वाईट? सोनमर्गलाही हिमनदी आहे." आहे. पण सोनमर्ग सुमारे २,७०० मीटर उंचीवर, आणि तिथून पुढे घोड्यावर किंवा पायी. अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, जिना चढला तरी दम लागतो. अलास्काची गंमत अशी की तिथल्या कित्येक हिमनद्या डोंगरावरून उतरून थेट समुद्रात पाय घालतात. उंचीवर जावंच लागत नाही. डेकवर खुर्ची टाकून, शाल गुंडाळून, चहा पीत माणूस हिमनदीसमोर बसू शकतो. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी जहाज हा चैनीचा नव्हे, सोयीचा मार्ग आहे, हे आम्हांला तेव्हा उमगलं.

मग आम्ही घाई केली आणि हात पोळले. मागच्या हिवाळ्यात एका एजंटाने सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी सात रात्रींची सफर स्वस्तात दाखवली. अमेरिकेचा व्हिसा आम्हा पाचही जणांकडे होता: अब्बा, अम्मी, बाजी आणि आम्ही दोघं. डिपॉझिट भरलं. महिनाभराने भाईजानांनी सफरीचा कागद नीट वाचला. शेवटच्या संध्याकाळी जहाज व्हिक्टोरियाला थांबणार होतं. व्हिक्टोरिया कॅनडात. काही तासांसाठी का होईना, भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. एजंटाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि वेळ उरला नव्हता. स्वस्त भाड्याचं डिपॉझिट परत न मिळणारं असतं, ही ओळही आम्ही तेव्हाच पहिल्यांदा वाचली. अब्बांनी ॲटलस परत कपाटात ठेवला. त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

जहाज कॅनडाला थांबतंच का, हे नंतर शोधलं. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज प्रवासी घेऊन अमेरिकेच्याच बंदरातून अमेरिकेच्याच बंदरात नुसतं फिरू शकत नाही, मध्ये परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं. मोठी प्रवासी जहाजं बहुतेक बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्यांची. म्हणून व्हिक्टोरिया. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा आमच्या घरच्या डिपॉझिटापर्यंत पोचला, याची अब्बांना मात्र मौज वाटली. त्यांनी तो वहीत लिहून ठेवला.

कॅनडाचा व्हिसा टाळायचा तर वेगळी वाट आहे, तीही सांगतो. विमानाने सिएटलहून अँकरेजला जायचं, तिथून गाडीने व्हिटियर किंवा सुअर्डला, आणि दिवसभराच्या बोटीने हिमनद्या बघून संध्याकाळी परत. कॅनडाचा संबंध नाही, खर्चही आटोक्यात राहू शकतो. व्हिटियरला जाताना डोंगरातून अडीच मैलांचा बोगदा लागतो. तो एकेरी आहे, रेल्वे आणि मोटारी पाळीपाळीने त्यातूनच जातात. तरुण जोडप्याने हेच करावं असं आमचं मत. आमच्याकडे मात्र रोज हॉटेल, रोज सामान, रोज गाडीत चढ-उतर, आणि अम्मींना दर दोन तासांनी लागणारं बाथरूम. जहाजात खोली तुमच्याबरोबर चालते.

या वर्षी म्हणून उलटीकडून सुरुवात केली. आधी कागद, मग माणसं, मग जहाज. कॅनडाच्या व्हिसाला माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे देण्याचे आणखी ८५ (कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर ठशांच्या फीला मर्यादा आहे). भाईजान आणि भाभींकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांना पासपोर्ट आणि ते कार्ड पुरतं. कॅनडाचा व्हिसा काढायचाच आहे म्हटल्यावर मग सिएटलचा हट्ट कशाला? सिएटलहून निघालेली जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिक महासागरातून वर जातात. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेटांच्या आतल्या शांत पाण्यातून जातं. अम्मींना दाभोळच्या फेरीबोटीतही मळमळतं. सिएटल ते व्हँकुव्हर रस्त्याने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. भाईजानांच्या गाडीने जाऊ.

यापुढे अब्बांचा अधिकार होता: कोणती हिमनदी? जाहिरातींत सगळीकडे निळा बर्फ सारखाच दिसतो, पण सफरीच्या कागदावर नेमकं नाव शोधावं लागतं. कुठे डॉस हिमनदी असते, कुठे हबर्ड, कुठे ग्लेशियर बे. हबर्डचं समुद्राकडचं तोंड सहा मैलांहून रुंद आहे, आणि बाकीच्या हिमनद्या मागे सरत असताना ही गेलं शतकभर पुढे येते आहे. अब्बांचा कल आधी तिच्याकडे होता. पण ती गाठणाऱ्या सफरी बऱ्याचदा एकाच दिशेच्या, उत्तरेला सोडून देणाऱ्या. तिथून परतीचं विमान वेगळं. शेवटी ग्लेशियर बे ठरली, आणि त्याचं कारण अब्बांनी आम्हांला वर्गात बसवल्यासारखं समजावलं. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरची मोहीम तिथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ साली जॉन म्युअर पोचले तोवर बर्फ साठ किलोमीटरांहून जास्त मागे गेला होता. आज खाडीच्या टोकापर्यंत शंभरएक किलोमीटर पाणी आहे. "म्हणजे जहाज ज्या पाण्यातून जाईल," अब्बा म्हणाले, "ते पूर्वी अख्खं माझ्या फळ्यावरचं चित्र होतं."

तिथे दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना आत सोडतात, त्यामुळे सगळ्याच कंपन्यांची जहाजं जात नाहीत. जहाज कुठेही धक्क्याला लागत नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, माहिती सांगतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबून हळूहळू फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. यासाठी बाल्कनीची महाग केबिन घ्यायची गरज नाही हे आम्ही इथेच ठरवलं. आम्ही दोघं बिनखिडकीच्या खोलीत झोपू, बघायला डेक सगळ्यांचा आहे. मार्जरीची भिंत पाण्यावर सुमारे २५० फूट. आमच्या शाळेच्या इमारतीसारख्या सहा-सात एकावर एक. जूनोला उतरल्यावर मेंडेनहॉल हिमनदीपर्यंत बस जाते, आणि तिथली एक पक्की वाट चाकाच्या खुर्चीला चालते. अब्बा म्हणतात खुर्ची नको. अम्मी म्हणतात घ्या, मी बसेन.

अम्मी-अब्बांना रुंद दाराची, बाथरूमला उंबरठा नसलेली केबिन हवी होती. अशा केबिन जहाजावर मोजक्या, आणि त्यात तीन माणसं मावणाऱ्या त्याहून कमी. भाडं दोघांच्या हिशेबाने असतं. तिसऱ्याला स्वस्त पडतं, एकट्याने खोली घेतली तर जवळजवळ दुप्पट. म्हणून आम्ही परस्पर ठरवून टाकलं की बाजी त्यांच्याच खोलीत. बाजी आमच्या थोरल्या, दूल्हेभाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला एक सांगा, मी फिरायला येतेय की रात्री अम्मींना उठवायला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, आणि ते चांगलं नव्हतं. स्वस्त पडतं आणि बाजी सांभाळतात, या दोन गोष्टी आम्ही एकाच ओळीत लिहिल्या होत्या आणि त्यांना विचारलंही नव्हतं. घरोघरी एक बाजी अशी असते. मग पुन्हा फोन झाले, भाईजानही बोलले. बाजी त्याच खोलीत राहतील, ते त्यांनीच निवडलं, पण रात्रीच्या पाळ्या आम्ही सगळ्यांनी वाटून घेतल्या आहेत, भाईजानांची पाळीसुद्धा लिहून घेतली आहे. जूनोला बाजी देवमासे बघायच्या बोटीवर एकट्या जाणार. त्या तिकिटाचे पैसे आम्ही देऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "माझे मी भरेन."

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतल्या आकड्यावर बंदराचे कर येतात. त्यावर नोकरवर्गाची टीप, रोज माणशी साधारण १५ ते २० डॉलर. आम्हा पाचांचे सात दिवसांचे सव्वापाचशे ते सातशे डॉलर झाले. विमा वेगळा, आणि तो घेताना अब्बांचं ब्लडप्रेशर लपवू नये. आजारी माणसाला जहाजावरून हलवायचा खर्च त्यात आहे का, हे विचारून घ्यावं. 'आता फिरा, नंतर हप्ते भरा' अशी योजना होती, व्याजाची होती, ती सोडली आणि वर्षभर थांबून साठवलं. महिना मे निवडला. आमच्या शाळेला सुट्टी, अलास्कात हंगामाची सुरुवात म्हणून भाडं कमी, आणि त्या भागात त्यातल्या त्यात पाऊस कमी. तसा वाटेतल्या केचिकनचा पाऊस आपल्या कोकणाला लाजवणारा आहे, वर्षाला ३,५०० मिलीमीटरच्या पुढे, आणि तो बाराही महिने वाटून पडतो. छत्र्या घरच्याच नेणार.

खाण्याचं आधी लेखी विचारलं. काही कंपन्या आगाऊ कळवल्यास हलाल मांस देतात, काही नुसतं "बघू" म्हणतात. आम्ही लेखी होकार मिळाला तिथेच बुकिंग केलं. सूप आणि सॉसमध्ये वाइन असू शकते, हे रोज विचारावं लागेल. नाहीतर मासळी आहेच, आणि तिथला सामन मासा कोकणी माणसाला उपाशी ठेवणार नाही.

नमाजाचा प्रश्न अब्बांनी पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन सोडवला. दोऱ्याचं एक टोक जूनोवर, दुसरं मक्केवर, आणि ताणून धरला. दोरा उत्तर ध्रुवाजवळून गेला. म्हणजे आपण इथे पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे जवळजवळ सरळ उत्तरेकडे. अम्मींना पटेना, त्यांनी तीनदा दोरा ताणायला लावला. मे-जूनमध्ये तिथे रात्रभर आकाशाचा उजेड पुरता जात नाही, तेव्हा इशाची वेळ कशी धरायची हे मशिदीतल्या मौलानांकडून समजून घेतलं आहे, आणि वेळापत्रक बाजींच्या पर्समध्ये आहे.

या वेळचं डिपॉझिट परत मिळणारं आहे, चार पैसे जास्त देऊन घेतलं. उरलेली रक्कम निघण्याच्या नव्वद दिवस आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यात भरायची. तोवर कॅनडाचे पाच व्हिसे आले नाहीत तर रद्द करून पैसे घ्यायचे. तीन आले आहेत. अब्बांचा आणि बाजींचा अजून यायचा आहे. अब्बा रोज दुपारी कुरिअरवाल्याची मोटारसायकल ओळखायचा प्रयत्न करतात, आणि ॲटलस या वेळी कपाटावर नाही, त्यांच्या उशाशी आहे.